सरूचे दात

मामा, काल तुमची तेरवी झाली. उमापूरच्या घरी पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले आणि मी गेवराईला येऊन आज दवाखाना उघडला. पहिल्या पेशंटला तोंड उघडायला सांगितलं, आरसा आत घातला आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. रडू वगैरे आलं नाही. रडून झालंय. आता नुसतं बोलायचं राहिलंय.

तुमच्या वरच्या जबड्याची कवळी मी केली. ती बसवल्यापासून तुम्ही तिला कवळी म्हणाला नाहीत आणि "माझे दात" तर मुळीच म्हणाला नाहीत. "सरूचे दात" म्हणायचात. "थांबा, सरूचे दात घालतो, मग बोलतो." "सरूच्या दातानं भाकर बरी तुटती." सगळ्या उमापुरात तेच नाव झालं. मी दरवेळी सांगायचे, मामा, तोंड तुमचं, हिरड्या तुमच्या, मग दात माझे कसे? तुम्ही म्हणायचात, "माजे व्हते ते गेले. हे तुजे. मी वापरायला आणलेत." हे भांडण आपलं मिटलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी ते अंगणात चारचौघांसमोर पुन्हा निघालं, आणि तुम्ही नेमके तेव्हा गप्प होतात.

तसं आपलं नातं दातांवरूनच सुरू झालं. मला वरचे दात आधी आले. खालच्यांचा पत्ता नाही आणि वरचे दोन पटाशीचे हिरडी फोडून बाहेर. आजीनं कपाळाला हात लावला, कारण वरचे दात आधी आले की ते मामाला जड. तुम्हाला रानातून बोलावून घेतलं. आधी वाटीतल्या तेलात माझं तोंड बघायचं आणि मग थेट बघायचं, असा उपाय होता. आई सांगायची, तुम्ही तेलाकडे बघितलंच नाही, सरळ माझ्या तोंडात बोट घातलं आणि मी ते कडकडून चावले. "जड कुठं हायेत, धारदार हायेत चांगले," असं म्हणालात म्हणे. त्यानंतर तुमच्या पायात काटा मोडला तरी आजी माझ्या तोंडाकडे बघायची.

ते दुधाचे दात पडले आणि पक्के आले तेव्हा मी तुमच्याकडेच सुट्टीला होते. नव्या दाताच्या कडेला तीन बारीक टोकं असतात, तशी मलाही होती. आरशात बघून मी भोकाड पसरलं की माझ्या तोंडात करवत आलीय. तुम्ही उसाचं कांडं सोलून हातात दिलंत. "खा. झिजतंय." खरंच झिजलं. पुढं कॉलेजात कळलं की पुढचा दात तीन भाग एकत्र येऊन बनतो, त्यांचीच ती टोकं, आणि चावून चावून ती सपाट होतात. सर फळ्यावर आकृती काढत होते आणि माझ्या तोंडाला उसाची चव आली होती.

दंतवैद्यकीच्या पहिल्या वर्षाला मेणाचे ठोकळे देतात आणि त्यातून एकेक दात कोरायला लावतात. मी दिवाळीला ठोकळे घेऊन उमापूरला आले होते. चिंचेखाली बसून वरची दाढ कोरत होते, ती काही केल्या जमत नव्हती. तुम्ही मेंढरं पाण्यावर सोडून आलात आणि शेजारी उकिडवे बसलात.

"काय करायलीस गं?"

"दाढ कोरतेय."

"एवढा कुटाणा कावून? तोंडात हायेत की आयत्या."

थोडा वेळ बघितलंत आणि आत जाऊन कागदाची पुडी आणलीत. त्यात तुमची स्वतःची दाढ होती, वरची, गेवराईला काढलेली. ती फेकून द्यायची सोडून तुम्ही ती कशाला ठेवली होती हे तुम्हालाही सांगता आलं नाही. मी ती धुतली आणि आपण दोघं ती तळहातावर फिरवून बघत बसलो. वरच्या दाढेला मुळं तीन, दोन गालाकडं आणि एक टाळूकडं. खालच्या दाढेचं दोनांवर भागतं. मी तुम्हाला वरचे उंचवटे दाखवले, मधल्या खाचा दाखवल्या. "हे तर सरी-वरंब्याचं वावर हाय," तुम्ही म्हणालात. मला हसू आलं, पण त्याच शब्दांनी मला ती दाढ समजली. चार वरंबे, त्यांच्यामधून सऱ्या, आणि एक वरंबा कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका गेलेला. तो तिरका फक्त वरच्याच दाढांना असतो. तुम्हाला तो पटला नाही. "कुणी आखलंय हे? पाणी कसं जायचं?" म्हणालात. एवढं करून दाढेत किडा असतो आणि मी तो लपवतेय, हे तुमचं म्हणणं कायम राहिलं. डॉक्टर झाल्यावरसुद्धा तुम्ही मला विचारायचात, आज किती किडे काढले.

त्या दाढेवर आणखी एक गोष्ट होती. आतल्या अंगाला, टाळूकडं, एक जास्तीचा बारका उंचवटा. पुस्तकात दिलं होतं की काहींना तो असतो आणि घराण्यात चालतो. मी आरसा आणून माझी दाढ बघितली. मलाही होता. माहेरी आलेल्या आईला तोंड उघडायला लावलं, तिलाही. तुम्ही खूष झालात. "म्हंजी ही आमच्या घरची दाढ हाय." मामा, लहानपणापासून मी ऐकत आले होते की नाक बापाचं, रंग बापाचा, चालणं बापाचं. तुमच्या घरचं माझ्यात काही आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि लई बरं वाटलं.

पुढं तुमच्या हिरड्यांनी दगा दिला. वरचे दात एकामागून एक हलले आणि गेले. खालचे मात्र टिकले, झिजून सपाट झालेले, मधे पिवळे आणि कडेनं पांढरी किनार राहिलेले. मी कवळी करू म्हटलं की तुम्ही मेंढरांचं उदाहरण द्यायचात. मेंढराला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच, तिथं नुसती घट्ट हिरडी असते. "त्यांचं काय अडलंय? चरत्यातच की." मी म्हटलं, त्यांना मागं वरच्या दाढा असतात, तुम्हाला त्याही नाहीत. मामी चुलीपुढून म्हणाली, "म्हंजी मेंढराच्या बी खाली गेले," आणि तुम्ही भाकर दुधात कुस्करत राहिलात.

अडलं ते खाण्यावाचून नाही, शिळेवाचून अडलं. तुमच्या एका हातात काठी असायची आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू, त्यामुळं तोंडात बोटं घालून शीळ वाजवणं तुम्हाला कधी जमणारच नव्हतं. तुम्ही जीभ वरच्या दातांमागं लावून, पुढच्या दोन दातांतल्या फटीतून वाजवायचात. लांबच्या बांधावरची मेंढरं मान वर करून वळायची. दात गेले आणि नुसती फुस्स हवा यायला लागली. ओरडून भागत होतं, पण सडकेवर ओरडणं हॉर्नात बुडतं. एक दिवस अर्धा कळप सडकेच्या मधोमध थबकला आणि उसाचा ट्रक अगदी पुढ्यात येऊन थांबला. झालं काहीच नाही. पण घरी आल्यावर दत्ता, तुमचा मुलगा, म्हणाला, "आबा, आता बास. मेंढरं काढून टाकू."

दुसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यात आलात. न सांगता, डोक्याला पटका बांधून, पेशंटांच्या रांगेत बाकावर बसलात. मी हाताला धरून आत आणलं तेव्हा म्हणालात, "सरू, मला दात नगंत. मला शिट्टी पाहिजे. शिट्टी न्हाई तर मेंढरं न्हाई."

आणि लगेच दातही पाहिजे झाले. नमुने समोर ठेवले तेव्हा तुम्ही खिडकीतून चौकातल्या फ्लेक्सकडं बोट केलंत. "त्या पुढाऱ्यासारखे लाव. एकसारखे, पांढरेफेक."

"मामा, ते दात नाहीत, फरशी आहे."

"असू दे. मला फरशीच लाव."

मी तुम्हाला समजावून सांगितलं की खरा दात सपाट नसतो. समोरून त्याला दोन पुसट उभ्या खाचा असतात, आडव्या बारीक रेघा असतात, त्यावर उजेड मोडतो म्हणून तो जिवंत दिसतो. तुमचे दात मला आठवतात, मी तसेच लावते, फटीसकट. तुम्ही ऐकायला तयार नव्हता. "फट नगं. सगळी हयात फट मिरवली. आता जरा बरं दिसू दे." फट नको आणि शीळ पाहिजे. हे म्हणजे विहीर नको पण पाणी पाहिजे असं झालं.

त्यात गंमत अशी की आम्हाला कॉलेजात उलटंच शिकवलेलं. कवळी तोंडात बसवली की पेशंटला आकडे म्हणायला लावायचे, सहासष्ट, सदुसष्ट, सत्त्याहत्तर. 'स' म्हणताना शीळ वाजली तर कवळी चुकली, ती दुरुस्त करायची. शीळ काढून टाकायची कशी हे मला पाठ होतं. ती घालायची कशी हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पहिल्यांदा मी तुमच्या मनासारखे लावले. मेणात बसवलेली ती सरळ ओळ बघून तुम्ही आरशापुढून हटेनात. मग शीळ वाजवून बघितली. फुस्स. तुमचा चेहरा पडला, तो अजून मला दिसतो. त्यानंतर मी खऱ्या दाताची मागची बाजू पुन्हा नीट बघितली. पुढचा दात मागून खोऱ्यासारखा असतो. दोन्ही कडा उचललेल्या, मधे खोलगट आणि वर हिरडीजवळ एक फुगीर बांध. कवळीचे तयार दात मागून जवळपास सपाट येतात. जिभेला टेकायला तिथं काही नसतं. मी तुमच्या कवळीच्या मागच्या अंगाला मेण चढवलं, कडा उचलल्या, मधे खोलगट केलं, बांध घातला, आणि फट ठेवली ती समोरून मिटल्यासारखी दिसणारी, मागून उघडी. त्यासाठी तुम्ही कितीतरी खेपा घातल्यात, आणि प्रत्येक खेपेला बोरं नाहीतर कैऱ्या घेऊन आलात.

ज्या दुपारी ती वाजली, त्या दुपारी बाहेर बाकावरची म्हातारी विचारत होती, "गाडी लागली का?" तिला वाटलं कंडक्टरनं शिट्टी दिली. तुम्ही खुर्चीत ताठ बसलात, पुन्हा वाजवलीत, आणि मग माझ्याकडं न बघता पटक्याच्या शेवानं डोळे पुसलेत.

पण मेंढरांनी पहिल्या दिवशी ढुंकूनही पाहिलं नाही. आवाज जरा बारीक झाला होता. तुमचा फोन आला, "सरू, वळखच देईनात गं." मी म्हटलं, शिकतील. तुम्ही म्हणालात, "मीच वाजवायला शिकतो जरा." दोघंही शिकलात. आधी एक म्हातारी मेंढी आली, मग तिच्यामागून सगळा कळप. दत्तानं मेंढरं काढायचा विषय पुन्हा काढला नाही, आणि तुमची पुढची वर्षं सुखात गेली. हे मी समाधानानं सांगतेय, मामा. सुखातच गेली.

त्या शिळेचा त्रास कमी नव्हता. तुम्ही बोलताना 'स' आला की ती वाजायची. मेंढरं मोजताना सहा-सातावर आलात की मोजलेली मेंढरं मागं वळायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं. "साखर कमी टाक गं," म्हटलं की मेंढवाड्यातली मेंढरं उठून उभी राहायची. मामी म्हणायची, "तुमी आता 'गोड' म्हणत जावा." माझं नाव तर 'स'पासूनच सुरू होतं. मी फाटकातून आत आले की तुम्ही हाक मारायचात आणि माझ्या आधी मेंढरं धावायची. मला दुसऱ्या कुणी अशी हाक मारली नाही.

एक भांडण मात्र अर्धवट राहिलं. कवळीच्या दाढेला मी आतल्या अंगानं तो जास्तीचा बारका उंचवटा चढवला होता. तुमच्या जिभेनं तो पहिल्याच दिवशी शोधला. "हे खडं कशाचं राहिलंय? घासून टाक." मी म्हटलं, राहू द्या. बाजाराच्या दिवशी गेवराईला आलात की तुमची तीच तक्रार आणि माझं तेच उत्तर. कारण मी कधी सांगितलं नाही, लाज वाटली. आता सांगते. तयार दातांत तुमच्या घरची दाढ मिळत नाही, मामा. ती मला करावी लागली.

तुम्ही बांधावरच्या बाभळीखाली, भाकर खाऊन आडवे झालात ते उठला नाहीत. मेंढरं भोवतीनं बसून होती, असं दत्ता म्हणाला. मी उमापूरला पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात पाटावर बसवलं होतं, मागून दत्तानं धरलं होतं. अंघोळ घालायची होती. चष्मा काढला, करगोटा काढला. मग तुमचे चुलतभाऊ नामदेवतात्या म्हणाले, कवळी काढा. ती कुणाला निघेना, टाळूला घट्ट धरलेली होती. "सरूला बोलवा."

मी अंगठ्यानं कडेला दाब दिला आणि ती सुटली. तुमचे ओठ आत गेले, गाल बसले. मामी इतका वेळ तुमच्याकडं बघत होती, तिनं तोंड फिरवलं. "ह्ये ते न्हाईत," म्हणाली. "घाल गं सरू, परत घाल."

तात्या आडवे आले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. "वहिनी, दुसऱ्याची वस्तू संगं द्यायची नसती. त्यो सोताच म्हणायचा की, सरूचे दात. भाचीचं घ्यायचं नसतं म्हणून वापरायला आणलेत म्हणायचा. वापरून झाले. आता जिचे तिला दिऊन टाका."

कवळी माझ्या हातात होती. इतकी वर्षं मला वाटत होतं तुम्ही माझी थट्टा करताय. मी त्या दातांचे पैसे घेतले नव्हते, आणि भाचीचं तर घ्यायचं नाही, म्हणून तुम्ही ते दात रोज माझ्या नावानं तोंडात घालत होतात. मामा, हे सरळ बोलायचं होतंत. मी भांडले असते, पण बोलायचं होतंत.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी कवळी उलटी केली आणि तात्यांच्या पुढं धरली. टाळूच्या बाजूला, पुढच्या अंगाला, बारीक बारीक वळ्या उठलेल्या होत्या. "बोट फिरवा, तात्या. ह्या मामांच्या टाळूच्या वळ्या आहेत. माप घेताना उमटल्या. एकाच्या दुसऱ्याला नसतात. बाहेरचे दात माझे म्हणा हवं तर, पण ही आतली बाजू मामांचीच आहे. माझ्या तोंडात बसणार नाही, कुणाच्याच बसणार नाही. मला परत देऊन मी काय करू?"

तात्यांनी बोट फिरवलं. सावकाश, पुन्हा एकदा फिरवलं. मग तुमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मग घाल."

पण ती बसेना. कवळीला धरून ठेवते ती लाळ, आणि तुमचं तोंड कोरडं पडलं होतं. मी वर दाबत होते आणि ती खाली येत होती. तिथं मी डॉक्टर नव्हतेच. तेवढ्यात दत्ताच्या बायकोनं तुमच्या तोंडात घालायला ठेवलेली वाटी पुढं केली, गोदेचं पाणी आणि तुळशीचं पान. मी त्या पाण्यात कवळी बुडवली, थोडं तुमच्या टाळूला लावलं आणि पुन्हा वर धरली. या खेपेला तिनं धरलं. तुमचे ओठ भरले, गाल वर आले, आणि मामीनं इकडं तोंड केलं.

दवाखान्यात कवळी बसवली की मी प्रत्येकाला एक वाक्य सांगते. अंगठा बाहेर काढता काढता, सवयीनं, तेच तोंडातून निघून गेलं.

"कुठं टोचलं तर सांगा, मामा."

मामी पुढं झाली, पदरानं तुमचे ओले ओठ टिपले आणि तुमच्या वतीनं मला सांगितलं,

"आपलेच हायेत. कावून टोचतील?"